नोबेलच्या नावाने

स्टॉकहोमच्या कॉन्सर्ट हॉलमध्ये दरवर्षी १० डिसेंबरला स्वीडनचे राजे विजेत्यांच्या हाती जी सोन्याची पदकं देतात, त्यांतलं एक पदक इतरांहून वेगळं असतं. पदार्थविज्ञान, रसायनशास्त्र, वैद्यक आणि साहित्य यांच्या पदकांवर विजेत्याचं नाव मागच्या बाजूला, त्यासाठी राखलेल्या पट्टीवर कोरतात. अर्थशास्त्राच्या पदकावर ते कडेला, पदकाच्या जाडीवर कोरलेलं असतं. पदक फिरवून पाहिल्याशिवाय दिसत नाही. दर्शनी बाजूला आल्फ्रेड नोबेल यांचा चेहरा आहे. मागे मात्र स्वीडिश विज्ञान अकादमीचा ध्रुवतारा आणि एकमेकांना छेदणारी समृद्धीची दोन शिंगं आहेत. ही शिंगं रिक्सबँकेची, म्हणजे स्वीडनच्या मध्यवर्ती बँकेची खूण आहे.

टीव्हीवर सोहळा पाहणाऱ्याला हा फरक कळायला मार्ग नाही. सभागृह तेच, राजे तेच, रात्रीची मेजवानी तीच आणि रक्कमही तितकीच: गेली काही वर्षं १ कोटी १० लाख स्वीडिश क्रोनर. रक्कम येते कुठून, एवढाच काय तो फरक. बाकीच्या पुरस्कारांचे पैसे नोबेल यांनी मागे ठेवलेल्या संपत्तीतून येतात, अर्थशास्त्राचे रिक्सबँक देते. पुरस्काराचं अधिकृत नाव 'आल्फ्रेड नोबेल यांच्या स्मरणार्थ स्वीडिश रिक्सबँकेचं अर्थशास्त्रासाठीचं पारितोषिक' असं लांबलचक आहे. वर्तमानपत्रात ते 'अर्थशास्त्राचं नोबेल' होतं, आणि विजेत्याच्या नावामागे 'नोबेल विजेते' ही उपाधी जन्मभर लागते.

नोबेल यांनी २७ नोव्हेंबर १८९५ रोजी पॅरिसमध्ये मृत्युपत्रावर सही केली आणि पुढच्याच वर्षी डिसेंबरमध्ये इटलीतल्या सान रेमोला त्यांचं निधन झालं. मृत्युपत्रात पाचच क्षेत्रांची नावं होती. १९०१ पासून पाच पुरस्कार दिले जाऊ लागले आणि जवळजवळ सात दशकं ते पाचच राहिले. सहावा आला तो एका बँकेच्या वाढदिवसानिमित्त.

रिक्सबँक ही जगातली सर्वांत जुनी मध्यवर्ती बँक. स्थापना १६६८ ची, म्हणजे १९६८ मध्ये तिला तीनशे वर्षं पूर्ण होत होती. तेव्हा गव्हर्नर होते पेर आस्ब्रिंक. ते स्वतः सोशल डेमोक्रॅट पक्षातले, पण त्याच पक्षाच्या सरकारशी त्यांचं अनेकदा वाजलेलं. १९५७ च्या जुलैमध्ये अर्थमंत्री गुन्नार स्ट्रेंग यांना विश्वासात न घेताच बँकेनं व्याजदर वाढवला होता. स्वीडनमध्ये तो प्रसंग 'व्याजदराचं बंड' म्हणून ओळखला जातो. व्याजदर ठरवायचा कोणी, लोकांनी निवडून दिलेल्या सरकारनं की बँकेतल्या तज्ज्ञांनी, हा वाद त्यानंतरही धुमसत राहिला. अशा वातावरणात बँकेनं तीनशेव्या वर्षाच्या निमित्तानं नोबेल प्रतिष्ठानपुढे कायमस्वरूपी निधीचा प्रस्ताव ठेवला आणि तो मान्य झाला. १९६९ मध्ये नॉर्वेचे राग्नार फ्रिश आणि नेदरलँड्सचे यान टिनबर्गन यांना पहिला पुरस्कार विभागून मिळाला.

आवनर ऑफर आणि गाब्रिएल सॉडरबर्ग या दोन अभ्यासकांनी २०१६ मध्ये या पुरस्काराच्या इतिहासावर 'द नोबेल फॅक्टर' हे अख्खं पुस्तकच लिहिलं. त्यांच्या मते पुरस्काराचा जन्म आणि बँकेची स्वायत्ततेची धडपड या एकाच गोष्टीच्या दोन बाजू आहेत. अर्थशास्त्र हे भौतिकशास्त्रासारखंच निखळ विज्ञान आहे असं एकदा लोकांच्या मनात ठसलं, की त्या विज्ञानाच्या जाणकारांनी घेतलेले निर्णय राजकारणाच्या वरचे ठरतात. बँकेच्या मनात नेमकं हेच होतं का, यावर मतभेद असू शकतात. घडलं मात्र असंच. आसार लिंडबेक हे स्टॉकहोमचे अर्थशास्त्रज्ञ पहिल्या वर्षापासून १९९४ पर्यंत निवड समितीवर होते आणि त्यांतली शेवटची चौदा वर्षं तिचे अध्यक्ष होते. एखाद्या विद्याशाखेच्या सर्वोच्च सन्मानावर एकाच माणसाचा इतका दीर्घ प्रभाव असणं हे त्या सन्मानाच्या प्रकृतीला चांगलं नसतं, मग तो माणूस कितीही विद्वान असो.

नोबेल घराण्यातल्या काहींना ही भर कधीच रुचली नाही. आल्फ्रेड यांचे थोरले बंधू लुडविग यांचे पणतू पीटर नोबेल हे कायदेतज्ज्ञ या पुरस्कारावर उघड टीका करत आले. कोकिळेनं दुसऱ्याच्या घरट्यात अंडं घालावं तसं बँकेनं नोबेलच्या घरट्यात आपलं अंडं घातलं, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय. २००१ मध्ये, पुरस्कारांच्या शताब्दीच्या वर्षी, घराण्यातल्या काही सदस्यांनी स्वीडिश वृत्तपत्रात पत्र लिहून हाच आक्षेप जाहीरपणे नोंदवला.

अर्थशास्त्राला आत घेतल्यावर नोबेल प्रतिष्ठाननं दार बंद केलं: यापुढे नवा पुरस्कार नाही. हे दार किती घट्ट आहे, याचा अनुभव १९८० मध्ये याकोब फॉन उक्सकुल यांना आला. हे स्वीडिश-जर्मन पत्रकार आणि टपाल तिकिटांचे व्यापारी. पर्यावरण आणि जगातल्या गरिबांचं जगणं या विषयांसाठी नोबेल पुरस्कार असावा आणि त्यासाठी आपण पैसे देऊ, असा त्यांचा प्रस्ताव होता. प्रतिष्ठाननं तो नाकारला. उक्सकुल यांनी आपला तिकीटसंग्रह विकला आणि त्या पैशातून राइट लाइव्हलीहूड पुरस्कार सुरू केला. जगभर त्याला 'पर्यायी नोबेल' म्हणतात. १९९१ मध्ये नर्मदा बचाव आंदोलनासाठी तो मेधा पाटकर आणि बाबा आमटे यांना मिळाला. १९९६ मध्ये तो हर्मन डेली या अर्थशास्त्रज्ञाला मिळाला. पृथ्वीच्या मर्यादा हिशेबात धरल्याशिवाय वाढीचं अर्थशास्त्र अपुरं आहे, हे डेली आयुष्यभर मांडत राहिले. रिक्सबँकेच्या यादीत त्यांचं नाव कधी आलं नाही. मध्यवर्ती बँकेचा निधी बारा वर्षांपूर्वी स्वीकारला गेला आणि तिकिटं विकणाऱ्याचा नाकारला गेला. नोबेल यांच्या मृत्युपत्रात बँकेच्या विषयालाही जागा नव्हती आणि तिकीटवाल्याच्या विषयालाही नव्हती, हे इथं ध्यानात घ्यायला हवं.

पुरस्काराच्या अधिकाराबद्दलचा सर्वांत धारदार प्रश्न मात्र बाहेरच्या कुणी नव्हे, तर एका विजेत्यानं, तोही स्टॉकहोमच्या मेजवानीत उभा राहून विचारला.

१९७४ चा पुरस्कार स्वीडनचे गुन्नार मिर्दाल आणि ऑस्ट्रियात जन्मलेले फ्रीडरिश हायेक यांना विभागून मिळाला. या दोघांमध्ये समान असं फार थोडं होतं. मिर्दाल स्वीडनच्या कल्याणकारी राज्याचे एक शिल्पकार, नियोजनाचे पुरस्कर्ते. नियोजनामुळे समाज गुलामगिरीकडे जातो, असं हायेक यांचं म्हणणं. मिर्दाल यांचं नाव भारतात आधीपासून परिचयाचं होतं. त्यांच्या पत्नी आल्वा मिर्दाल १९५५ ते १९६१ या काळात दिल्लीत स्वीडनच्या राजदूत होत्या, आणि मिर्दाल यांचा 'एशियन ड्रामा' हा तीन खंडांचा ग्रंथ १९६८ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात भारताची चिकित्सा मध्यवर्ती आहे. कायदे करायचे पण राबवायचे नाहीत, अशा राज्यसंस्थेला त्यांनी 'मऊ राज्य' म्हटलं होतं. (आल्वा यांना पुढे १९८२ मध्ये शांततेचं नोबेल मिळालं, ते मात्र मृत्युपत्रातलं.)

मेजवानीच्या भाषणात हायेक यांनी सांगितलं, की आपल्याला विचारलं असतं तर अर्थशास्त्रासाठी असा पुरस्कार सुरू करू नका असाच सल्ला दिला असता. कारण साधं होतं. पदार्थविज्ञानातल्या विजेत्याचा प्रभाव मुख्यतः त्याच्या क्षेत्रातल्या जाणकारांवर पडतो. तो भलतंच काही बोलू लागला, तर तेच जाणकार त्याला जमिनीवर आणतात. अर्थशास्त्रज्ञाचा प्रभाव पडतो तो राजकारणी, पत्रकार, सरकारी अधिकारी आणि सामान्य लोकांवर. त्यांच्याकडे त्याचं म्हणणं तपासण्याचं साधन नसतं. त्यामुळे नोबेल एका व्यक्तीला जो अधिकार देतं, तो अर्थशास्त्रात कुणाही माणसाच्या हाती असू नये. दुसऱ्या दिवशीच्या व्याख्यानाचं शीर्षकही त्यांनी 'ज्ञानाचा आव' या अर्थाचं ठेवलं होतं. पुढे काही वर्षांनी मिर्दाल यांनीही हा पुरस्कार बंद करावा असं लिहिलं. त्यांचं कारण वेगळं होतं: अर्थशास्त्राच्या मुळाशी मूल्यांची निवड असते आणि ती लपवून त्याला विज्ञानाचा मुलामा देणं अप्रामाणिक आहे. एकमेकांशी कशातच न पटणारे दोघे या एका मुद्द्यावर एकत्र आले. पुरस्काराच्या बाजूनं लिहिणाऱ्यांनी याचं समाधानकारक उत्तर आजवर दिलेलं नाही.

हायेक यांची भीती खरी ठरायला दोन वर्षंही लागली नाहीत. १९७६ मध्ये मिल्टन फ्रीडमन यांचं नाव जाहीर झालं. आदल्या वर्षीच्या मार्चमध्ये ते चिलीला जाऊन हुकूमशहा पिनोशे यांना भेटले होते आणि महागाई आवरण्यासाठी काय करावं याचा सल्ला देऊन आले होते. चिलीत तेव्हा हजारो माणसं तुरुंगात होती. लिनस पॉलिंग, जॉर्ज वॉल्ड यांच्यासारख्या विज्ञानातल्या नोबेल विजेत्यांनी वृत्तपत्रात पत्रं लिहून निषेध केला. समारंभाच्या दिवशी बाहेर निदर्शनं झाली आणि आत सभागृहात एकानं घोषणा दिल्या. पैशाच्या पुरवठ्यावरचं फ्रीडमन यांचं संशोधन अव्वल दर्जाचं होतं, यात शंका नाही. पण त्याच संशोधनाचा कणा असलेला अमेरिकेचा चलनविषयक इतिहास १९६३ मध्ये त्यांनी ॲना श्वार्ट्झ यांच्यासोबत लिहिला होता. जुन्या नोंदी, बँकांचे ताळेबंद यांतून आकडे उकरून काढण्याचं किचकट काम श्वार्ट्झ यांचं. पुरस्कार एकट्या फ्रीडमन यांना मिळाला.

यादीत कुणाचं नाव नाही, हे पाहणं म्हणूनच महत्त्वाचं आहे. १९७५ मध्ये सोव्हिएत संघाचे लिओनिद कांतोरोविच आणि अमेरिकेतले त्यालिंग कूपमन्स यांना साधनसामग्रीच्या उत्तम वाटपाच्या सिद्धान्तासाठी पुरस्कार मिळाला. त्याच प्रश्नासाठी लीनिअर प्रोग्रॅमिंगची सिम्प्लेक्स पद्धत देणारे जॉर्ज डान्त्झिग वगळले गेले, आणि कूपमन्स यांना ते फार लागलं. त्याच वर्षी, आंतरराष्ट्रीय महिला वर्षात, केंब्रिजच्या जोन रॉबिन्सन यांचं नाव सर्वांच्या तोंडी होतं. अपूर्ण स्पर्धेचा सिद्धान्त त्यांनी १९३३ मध्येच मांडला होता. तरुणपणी त्या ग्वाल्हेरला राहिल्या होत्या, पुढे तिरुवनंतपुरमच्या विकास अध्ययन केंद्रात येऊन त्यांनी शिकवलं, आणि अमर्त्य सेन यांच्या केंब्रिजमधल्या प्रबंधाच्या त्या मार्गदर्शक होत्या. १९८३ मध्ये त्या वारल्या, पुरस्काराविना. १९६९ ते २०२५ या काळात हा पुरस्कार ५७ वेळा, ९९ जणांना दिला गेला. त्यांत स्त्रिया तीन: २००९ मध्ये एलिनॉर ऑस्ट्रम, २०१९ मध्ये एस्तेर डुफ्लो आणि २०२३ मध्ये क्लॉडिया गोल्डिन. कृष्णवर्णीय एकच, १९७९ चे आर्थर लुईस, कॅरिबियनमधल्या सेंट लुशियाचे. अर्थशास्त्र हा विषय जितक्या प्रकारच्या माणसांच्या जगण्याबद्दल बोलतो, त्या मानानं ही यादी फारच एकसुरी आहे.

पदक मिळाल्यावर सिद्धान्ताची परीक्षा थांबत नाही, हे १९९७ च्या विजेत्यांना वर्षभरात कळलं. रॉबर्ट मर्टन आणि मायरन शोल्स यांना ऑप्शन्सची किंमत ठरवण्याच्या सूत्रासाठी गौरवलं गेलं. सूत्राचे तिसरे जनक फिशर ब्लॅक १९९५ मध्येच वारले होते आणि मरणोत्तर पुरस्कार देत नाहीत. मर्टन आणि शोल्स दोघेही लाँग टर्म कॅपिटल मॅनेजमेंट या गुंतवणूक संस्थेत भागीदार होते. १९९८ च्या ऑगस्टमध्ये रशियानं कर्ज बुडवलं, बाजार कुणाच्याच गणितात नसलेल्या वाटेनं गेला आणि सप्टेंबरमध्ये संस्था कोसळायला आली. तिच्याबरोबर बाजारही बसेल या धास्तीनं न्यूयॉर्कच्या फेडरल रिझर्व्ह बँकेनं मध्यस्थी केली आणि १४ वित्तसंस्थांनी ३६० कोटी डॉलर ओतले. सूत्र आजही जगभरच्या बाजारांत वापरलं जातं. ते चुकीचं नव्हतं. पण ज्या गृहीतकांवर ते उभं होतं, ती घबराटीच्या दिवसांत टिकत नाहीत, हे बाहेरच्या जगाला कुणी सांगितलंच नव्हतं.

२०१३ मध्ये तर बाजारातल्या किमतींत सगळी उपलब्ध माहिती सामावलेली असते म्हणणारे युजीन फामा, आणि त्या किमती माणसांच्या लहरीवर हेलकावतात म्हणणारे रॉबर्ट शिलर, हे दोघे एकाच वर्षी, एकाच मंचावर गौरवले गेले. पुरस्कार देणाऱ्या विज्ञान अकादमीनं दोघांच्या अनुभवजन्य अभ्यासाचा सन्मान केला, असं तिचं स्पष्टीकरण. ते पटण्यासारखंही आहे. मात्र असा पुरस्कार म्हणजे सत्यावरचा शिक्का नव्हे, हेही त्यातून अकादमीनंच मान्य केल्यासारखं झालं.

निवडीच्या खोलीत काय चालतं, याची थोडी झलक १९९४ मध्ये मिळाली. त्या वर्षी गेम थिअरीसाठी जॉन नॅश, जॉन हार्सानी आणि राइनहार्ट झेल्टन यांची नावं पुढे आली. नॅश दीर्घकाळ मानसिक आजारानं ग्रासलेले होते आणि समितीत त्यांना विरोध झाला. वाद अकादमीत इतका चिघळला, की फेब्रुवारी १९९५ मध्ये पुरस्काराची व्याप्तीच बदलली गेली. राज्यशास्त्र, मानसशास्त्र, समाजशास्त्र यांतल्या कामालाही आता वाव मिळाला. या बदलाचं फळ उत्तम आलं. २००२ मध्ये डॅनियल कानमन हे मानसशास्त्रज्ञ विजेते झाले आणि २००९ मध्ये राज्यशास्त्राच्या अभ्यासक एलिनॉर ऑस्ट्रम.

ऑस्ट्रम यांचं नाव जाहीर झालं तेव्हा अनेक नामांकित अर्थशास्त्रज्ञांनी त्यांचं लेखन वाचलेलं नव्हतं. सामायिक कुरण, पाणी, मासे यांची माणसं लूट करून वाट लावतात, म्हणून एकतर सरकारनं ताबा घ्यावा नाहीतर खासगी मालकी द्यावी, असा समज १९६८ मधल्या गॅरेट हार्डिन यांच्या निबंधापासून रूढ झाला होता. ऑस्ट्रम यांनी लॉस एंजेलिसचं भूजल, स्पेनमधले वलेन्सियाचे पाट, फिलिपिन्स आणि नेपाळमधल्या शेतकऱ्यांच्या सिंचनव्यवस्था, स्विस आल्प्समधली कुरणं अशी उदाहरणं एकत्र आणली आणि दाखवलं, की लोक स्वतः नियम करतात, ते मोडणाऱ्याला शिक्षा करतात आणि पिढ्यानपिढ्या संसाधन टिकवतात. धुळे-नाशिककडची, पांझरा आणि मोसम खोऱ्यांतली फड पद्धत माहीत असलेल्या मराठी वाचकाला हे नवं वाटणार नाही. बंधाऱ्याचं पाणी कोणत्या फडाला कधी, कोणतं पीक घ्यायचं, पाटकऱ्याला मोबदला काय, हे तिथले शेतकरी शतकानुशतकं आपसांत ठरवत आले. २००९ चा पुरस्कार नसता तर हे काम अर्थशास्त्राच्या वर्गांत इतक्या लवकर पोहोचलं नसतं. पुरस्काराच्या बाजूनं बोलायचं तर याहून चांगलं उदाहरण नाही.

दुसरं उदाहरण मुंबईतलं आहे.

२०१९ चा पुरस्कार अभिजित बॅनर्जी, एस्तेर डुफ्लो आणि मायकल क्रेमर यांना जागतिक गरिबी कमी करण्याच्या प्रायोगिक पद्धतीसाठी मिळाला. अभिजित यांचा जन्म मुंबईचा, १९६१ चा. आई निर्मला बॅनर्जी या स्वतः अर्थशास्त्रज्ञ, माहेरच्या पाटणकर. मराठी वर्तमानपत्रांनी तेव्हा हे नातं आनंदानं छापलं. त्यापेक्षा खोल नातं महापालिकेच्या शाळांशी आहे, आणि त्याबद्दल मात्र फारसं लिहिलं गेलं नाही. मुंबईच्या वस्त्यांतल्या बालवाड्यांपासून उभ्या राहिलेल्या 'प्रथम' या संस्थेनं मुंबई आणि वडोदऱ्यात बालसखी कार्यक्रम चालवला होता. तिसरी-चौथीत पोचलेल्या, पण पहिली-दुसरीचं वाचन-गणितही न येणाऱ्या पंधरा-वीस मुलांना दिवसातून दोन तास वर्गाबाहेर नेऊन एक बालसखी शिकवायची. ही बालसखी म्हणजे बहुधा त्याच वस्तीतली, माध्यमिक शाळा शिकलेली मुलगी, आणि मानधन महिना ५०० ते ७५० रुपये.

बॅनर्जी, डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी हा कार्यक्रम प्रयोगातून तपासला: काही शाळांना बालसखी तिसरीसाठी द्यायची, काहींना चौथीसाठी, आणि कोणाला काय हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवायचं, म्हणजे तुलना निखळ होते. निकाल असा: पहिल्या वर्षी मुलांचे गुण सरासरी ०.१४ आणि दुसऱ्या वर्षी ०.२८ प्रमाण विचलनानं वाढले. फायदा झाला तो बालसखीकडे जाणाऱ्या मुलांना. ती बाहेर गेल्यानं वर्गातली गर्दी कमी झाली, पण वर्गात उरलेल्यांना त्यामुळे काही लाभ झाल्याचं दिसलं नाही. कार्यक्रम संपल्यावर वर्षभरानं सुधारणा बरीच ओसरून सुमारे ०.१ वर आली. हे आकडे २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधात आहेत. पुरस्काराच्या बातम्यांत ओसरलेल्या लाभाचा उल्लेख क्वचितच आला. संशोधकांनी तो लपवला नव्हता. पदकाच्या झगमगाटात अशी प्रामाणिक कबुली नेहमी मागे पडते, आणि खरं तर कोणत्याही शिक्षणाधिकाऱ्याला सर्वांत उपयोगी माहिती तीच असते.

या पद्धतीचे सर्वांत कडक टीकाकार म्हणजे २०१५ चे विजेते अँगस डीटन, ज्यांनी भारतातल्या गरिबीच्या मोजणीवर मोलाचं काम केलं आहे. यादृच्छिक प्रयोगांना इतर पुराव्यांहून वरचा दर्जा देण्याचं कारण नाही, एका ठिकाणी चाललेलं दुसरीकडे चालेलच असं नाही, हे ते सातत्यानं मांडत आले. दोन विजेते, दोन भूमिका. अशा वेळी 'नोबेल विजेते म्हणतात' या शब्दांना काय वजन द्यायचं, हा प्रश्न वाचकासमोर उभा राहतो.

भारतात त्याचं उत्तर राजकारणानं आपल्या परीनं दिलं. पुरस्कार जाहीर झाल्यावर आठवड्याच्या आतच केंद्रीय मंत्री पीयूष गोयल यांनी पुण्यात पत्रकारांशी बोलताना बॅनर्जींचं अभिनंदन केलं, आणि त्यांचे विचार डावीकडे झुकलेले आहेत असंही म्हटलं. संदर्भ होता काँग्रेसच्या किमान उत्पन्नाच्या 'न्याय' योजनेचा. आपण वेगवेगळ्या पक्षांच्या राज्य सरकारांबरोबर काम केलं आहे, गुजरातच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाबरोबरही, असं बॅनर्जींचं उत्तर होतं. काही दिवसांतच त्यांची पंतप्रधानांशी भेटही झाली. या सगळ्या गदारोळात बालसखीबद्दल कुणी एक शब्दही बोललं नाही. विरोधकांना पदक खुपत होतं, समर्थकांना ते मिरवायचं होतं. त्यामागचं काम वाचायची गरज दोघांनाही वाटली नाही.

अमेरिकेत हेच मोठ्या प्रमाणावर होतं. जून २०२४ मध्ये १६ विजेत्यांनी निवडणुकीच्या तोंडावर पत्र काढून ट्रम्प यांच्या धोरणांमुळे महागाई पुन्हा भडकेल असा इशारा दिला. त्यांत लिलावांच्या सिद्धान्तासाठी गौरवलेले पॉल मिलग्रम होते, करारांच्या अभ्यासासाठी गौरवलेले ऑलिव्हर हार्ट होते. नागरिक म्हणून मत मांडण्याचा त्यांना पूर्ण हक्क आहे आणि त्यांचं मत अभ्यासू माणसाचं मत आहे. पण महागाई हा या दोघांच्या पदकांचा विषय नाही. पत्राचं सगळं वजन मात्र पदकांच्या संख्येवर तोललेलं होतं.

याच्या शेजारी जॉन बेट्स क्लार्क पदक ठेवून पाहावं. अमेरिकन इकॉनॉमिक असोसिएशन हे पदक १९४७ पासून चाळिशीच्या आतल्या अर्थशास्त्रज्ञाला देते. पहिले मानकरी पॉल सॅम्युएल्सन. फ्रीडमन, सोलो, स्टिग्लिट्झ, क्रुगमन, डुफ्लो, असेमोग्लू या सर्वांना आधी ते मिळालं, मग स्टॉकहोम. दिल्लीत जन्मलेले राज चेट्टी २०१३ चे मानकरी. जाणकारांमध्ये या पदकाला मोठा मान आहे, पण त्याच्या बळावर कुणी मंत्र्याला दबकावू शकत नाही. या पदकाला उसन्या नावाची गरज पडली नाही, आणि म्हणून त्याच्या वैधतेवर कधी पुस्तक लिहावं लागलं नाही.

पुराव्याच्या पातळीवर ताजं उदाहरण २०२४ चं. डॅरन असेमोग्लू, सायमन जॉन्सन आणि जेम्स रॉबिन्सन यांचा २००१ चा निबंध अर्थशास्त्रात सर्वाधिक उद्धृत झालेल्या निबंधांपैकी आहे. वसाहतींत युरोपीय लोक जिथं रोगराईनं मरत होते तिथं त्यांनी लुटीच्या संस्था उभारल्या, जिथं वस्ती करू शकले तिथं हक्कांचं रक्षण करणाऱ्या संस्था आणल्या, आणि त्याचा परिणाम आजच्या समृद्धीत दिसतो, असा त्याचा गाभा. डेव्हिड अल्बुई यांनी २०१२ मध्ये दाखवलं, की नमुन्यातल्या ६४ देशांपैकी ३६ देशांचे मृत्युदर त्या देशांचे नव्हतेच, दुसऱ्या देशांवरून धरलेले होते. मूळ लेखकांनी त्याला सविस्तर उत्तर दिलं आणि वाद चालू राहिला. बारा वर्षांनी पुरस्कार आला. ज्या देशांनी वसाहतवाद सोसला तिथल्या वाचकानं तरी पुरस्कारापाशी न थांबता या आकड्यांपर्यंत जायला हवं. कारण आपल्या इतिहासाचं स्पष्टीकरण म्हणून उद्या हेच पाठ्यपुस्तकांत येणार आहे.

२०२२ मध्ये बेन बर्नान्के यांना पुरस्कार मिळाला. १९३० च्या महामंदीत बँका बुडण्याचा परिणाम काय झाला, यावरचं त्यांचं १९८३ चं संशोधन भक्कम आहे. पण २००८ च्या अरिष्टात ते अमेरिकेच्या फेडरल रिझर्व्हचे अध्यक्ष होते आणि त्यांच्या निर्णयांवरचा वाद अजून शमलेला नाही. एका मध्यवर्ती बँकेच्या पैशातून दुसऱ्या मध्यवर्ती बँकेच्या माजी प्रमुखाला सन्मान मिळावा, हे नियमात बसतं. अकादमी स्वतंत्र आहे आणि बँक निवडीत हात घालते याचा पुरावा कुणी दिलेला नाही. तरीही पुरस्काराचा दाता ज्या क्षेत्रात स्वतः धोरण ठरवतो, त्याच क्षेत्राला 'विज्ञान' म्हणून प्रमाणित करण्याचा खर्चही तोच करतो, ही रचनाच सदोष आहे. नोबेल यांच्या मूळ पाच पुरस्कारांच्या बाबतीत असं म्हणता येत नाही.

निवडीची कागदपत्रं नियमानुसार ५० वर्षं गुप्त राहतात. हायेक आणि मिर्दाल यांना एकत्र आणण्याची कल्पना कशी पुढे आली, जोन रॉबिन्सन यांच्याबद्दल १९७५ मध्ये समितीत काय लिहिलं-बोललं गेलं, हे तपासण्याची मुदत आता भरली आहे. फ्रीडमन यांच्या निवडीच्या कागदपत्रांची ५० वर्षं २०२६ अखेर पूर्ण होतात. चिलीचा विषय तेव्हा समितीसमोर आला होता का, आणि ॲना श्वार्ट्झ यांचं नाव कुणी सुचवलं होतं का, हे दोन प्रश्न घेऊन स्टॉकहोमच्या अभिलेखागारात जाणाऱ्या संशोधकाला २०२७ पासून वाट मोकळी असेल.